युद्धनौकेच्या मॉडेलला ईएससी कोणता घ्यायचा आणि तो तपासायचा कसा

मी लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं. अशा गावात राहून मी युद्धनौकांची रिमोटवर चालणारी मॉडेलं करतो म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "चालवता कुठं?" त्याचं उत्तर शेवटच्या पायरीत आहे. त्याआधी ज्या डबीपायी माझे सगळ्यात जास्त पैसे पाण्यात गेले, तिच्याबद्दल बोलू.

ती डबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, ईएससी. बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये ती बसते. रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या बोटीतल्या रिसीव्हरकडून तिला सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक छोटा ठोका मिळतो. ठोका १.५ मिलिसेकंदांचा असला की मोटर थांबलेली, २ कडे सरकला की पुढं, १ कडे सरकला की मागं. मोटरला किती वीज सोडायची ते ईएससी या ठोक्याच्या लांबीवरून ठरवतो. काम एवढंच, पण चुका करायला जागा भरपूर.

माझा पहिला ईएससी विमानाचा निघाला, त्याला रिव्हर्सच नव्हता. दुसरा चौथ्या दिवशी जळाला. तिसरा घ्यायच्या आधी मात्र मी मोजायला शिकलो.

आधी हे जमवा

- मल्टिमीटर, १० अँपिअरची डीसी रेंज असलेला
- जमल्यास रिमोट कंट्रोल मॉडेलवाल्यांचा छोटा वॉटमीटर, बॅटरी आणि ईएससी यांच्या मध्ये लावायचा
- मोटरसायकलच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ३५ वॉटचा बल्ब आणि कारचा ६०/५५ वॉटचा बल्ब
- गाडीतले चपटे फ्यूज (५, ७.५, १०, १५ अँपिअर) आणि त्यांचे होल्डर
- सोल्डरिंग आयर्न, डाख, उष्णतेनं आकसणारी स्लीव्ह
- '१०४' लिहिलेले सिरॅमिक कपॅसिटर, प्रत्येक मोटरला तीन
- एक वही

कागदपत्रांत फक्त बिल. ऑनलाइन मागवलं असेल तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. खराब माल परत करताना तोच विचारतात.

१. आधी बोट, मग मोटर, शेवटी ईएससी

नवा माणूस उलटं करतो. दुकानात जो ईएससी मिळाला तो घेतो आणि मग त्याला साजेशी मोटर शोधत बसतो.

युद्धनौकेच्या मॉडेलला वेग किती लागतो, ते एकदा कागदावर काढा. खऱ्या जहाजाच्या वेगाला स्केलच्या वर्गमुळानं भागायचं, म्हणजे पाण्यातल्या लाटा खऱ्या जहाजासारख्या दिसतात. माझी पहिली बोट १:७२ स्केलची 'खुकरी'. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळच्या समुद्रात कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जिच्यासोबत गेले, तीच. मूळ नौका सुमारे ९४ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १३० सेंटिमीटर. वेग सुमारे २८ नॉट, ताशी ५२ किलोमीटरच्या आसपास. ७२ चं वर्गमूळ साडेआठ धरलं की मॉडेलचा पूर्ण वेग ताशी सहा किलोमीटर निघतो. भराभर चालणारा माणूस काठावरून तिच्या बरोबरीनं चालू शकतो.

मग रेसिंगच्या गाडीचा दांडगा ईएससी कशाला? आपल्याला हवा आहे तो अगदी हळू चालवताना मोटर न थरथरवणारा, आणि रिमोटची काठी मागं ओढली की लगेच मागं नेणारा. खरेदी करताना हेच दोन गुण बघा.

पाण्यात फिरणारे पंखे (प्रोपेलर) किती तेही आत्ताच ठरवा. खुकरीला एकच पंखा होता, तिचं काम एका ईएससीत भागतं. शिवालिक वर्गातल्या जहाजांना पंखा फिरवणारे दोन दांडे, म्हणजे शाफ्ट, आहेत. तिथं दोन मोटरी येतात, आणि बोट जागच्या जागी वळवायची असेल तर दोन ईएससी.

२. मोटर अडवून बघा

मोटर मोकळी फिरताना फार थोडा करंट घेते. पाण्यात पंखा फिरवताना त्याहून बराच जास्त घेते, आणि पंख्यात शेवाळ किंवा जाळ्याचा दोरा अडकून ती थांबली की सगळ्यात जास्त. ईएससी जळतो तो याच शेवटच्या क्षणी. म्हणून तोच आकडा मोजायचा.

ब्रशवाली (साधी, दोन तारांची) मोटर ईएससीशिवाय थेट बॅटरीला जोडायची, मध्ये मीटर घालायचा, शाफ्ट पकडीनं घट्ट धरायचा, एक-दोन सेकंद करंट सोडायचा, आकडा वाचायचा, तार काढायची. त्याहून जास्त वेळ धरलं तर मोटरचं वाइंडिंग तापतं. माझी छोटी मोटर ६ व्होल्टवर मोकळी असताना अर्ध्या अँपिअरच्याही आत होती. अडवल्यावर तिनं सात अँपिअर ओढले.

इथं तीन सापळे आहेत. रिमोटच्या गाड्यांतल्या ५४० आकाराच्या मोटरी अडवल्या की दहा अँपिअरच्या कितीतरी पुढं जातात आणि मीटरचा फ्यूज उडतो, तिथं वॉटमीटरच वापरा. दुसरं, इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्पमीटर मागून आणाल तर तो डीसी मोजतो का ते आधी विचारा. बहुतेक स्वस्त क्लॅम्पमीटर फक्त एसी करंट मोजतात. बॅटरीच्या तारेवर ते शून्य दाखवतात आणि आपण आपल्याच मोटरवर संशय घेतो. तिसरं, मोजून झालं की मीटरची तांबडी पिन १० अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घाला. तशीच राहिली आणि कुणी बॅटरीचे व्होल्ट बघायला गेला, तर थेट शॉर्टसर्किट. हे मी घरच्याच टेबलावर केलंय, टेबलावर अजून डाग आहे.

अडवलेल्या मोटरचा जो आकडा येईल, त्याहून जास्त करंट सतत पेलणारा ईएससी घ्या. एवढा मोठा परवडत नसेल तर निदान पाण्यातल्या पूर्ण वेगाच्या करंटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या आणि मध्ये फ्यूज टाका.

३. खरेदी: काय घ्यायचं नाही ते आधी

*तीन तारांचा ईएससी.* मोटरकडं तीन तारा जात असतील तर तो ब्रशलेस मोटरचा. ब्रशवाल्या मोटरला दोनच तारा लागतात. कॉलेजच्या प्रोजेक्टचं सामान विकणाऱ्या दुकानांत तीस अँपिअरचा तीन तारांचा ईएससी सर्रास मिळतो आणि स्वस्तही असतो. तो विमानासाठी आणि ड्रोनसाठी केलेला, एकाच दिशेनं चालणारा. मी पहिला घेतला तो हाच. ब्रशलेस मोटर वापरायचीच असेल तर रिव्हर्सवाला ईएससी मागा. पण पहिल्या बोटीला ब्रशवाली मोटरच बरी, ती हळू आणि शांत चालते.

*गाडीचा ब्रेकवाला.* रिमोटच्या गाड्यांच्या बऱ्याच ईएससींत काठी पहिल्यांदा मागं ओढली की ब्रेक लागतो. ती मध्ये आणून पुन्हा ओढली तरच गाडी मागं जाते. रस्त्यावर ठीक आहे. पाण्यात बोट काठावर आदळायला निघालेली असताना दोनदा काठी ओढायचं भान कुणाला राहतं? काही ईएससींवर जंपर, म्हणजे पिनांवर बसणारी छोटी टोपी, असतो, तो हलवून ब्रेक बंद करता येतो. बोटीसाठीच केलेल्यात ही भानगड नसते. विकणाऱ्याला नेमका प्रश्न विचारा, "पुढून थेट मागं जातो का?" नुसतं "रिव्हर्स आहे का" विचारलं तर उत्तर नेहमी "आहे" असंच येतं.

*मोठा आकडा.* माझ्या दुसऱ्या ईएससीवर ३२० अँपिअर लिहिलं होतं. अशा डब्या बाजारात भरपूर आहेत. जळालेली डबी घेऊन मी आमच्या गल्लीतल्या मोटर वाइंडिंगवाल्या मामांकडं गेलो. मामांनी चष्मा वर केला, डबीवरचा आकडा वाचला आणि काही न बोलता आत गेले. वेल्डिंग मशीनची केबल ओढत आणली, अंगठ्याएवढी जाड, आणि माझ्या ईएससीच्या तारेशेजारी ठेवली. आगपेटीच्या काड्या दोन-तीन जुळवाव्यात तेवढीच ती तार.

"तीनशे वीस? मग मी उगं एवढी जाड केबल कशाला वागवायलोय, सर?"

तेव्हापासून मी डबीवरचा आकडा न बघता आधी तार बघतो. माहितीपत्रकात 'सतत' किती अँपिअर आणि 'क्षणभर' किती, हे वेगवेगळं दिलंय का तेही बघा. एकच फुगलेला आकडा असेल तर तो क्षणभराचा, आणि तोही आशेवर लिहिलेला.

*पाण्यानं थंड होणारा.* दोन नळ्या असलेला ईएससी बघून बोटीला हाच हवा असं वाटतं. पण त्या नळ्यांत पाणी चढायला स्पीडबोटीचा वेग लागतो. माणसाच्या चालीनं जाणाऱ्या युद्धनौकेत नळ्या कोरड्याच राहतात, आणि बोटीच्या पोटात पाणी शिरायला दोन वाटा वाढतात.

व्होल्टेजही जुळवा. शिशाची १२ व्होल्टची बॅटरी चार्जरवरून काढली तेव्हा १३ च्या आसपास असते. ११.१ व्होल्टपर्यंतच चालेल असं लिहिलेला ईएससी तिला लावणं म्हणजे काठावरची कसरत. उलट बाजूचाही एक घोटाळा आहे. ईएससी लिथियम बॅटरीच्या सेटिंगवर असेल आणि तुम्ही ६ व्होल्टची शिशाची बॅटरी लावली, तर त्याला ती संपलेली दोन सेलची बॅटरी वाटते आणि तो मोटरच सोडत नाही. माणूस ईएससी खराब म्हणून परत पाठवतो. जंपर निकेलच्या खुणेवर आणला की झालं. पण लिथियम बॅटरी असताना जंपर निकेलवर ठेवू नका, ती नको इतकी रिकामी होऊन मरते. मला शिशाची बॅटरी आवडते. जड असते, पण युद्धनौका पाण्यात नीट बसायला पोटात वजन लागतंच.

४. मोटर नाही, आधी बल्ब

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. नवा ईएससी थेट मोटरला जोडू नका. त्याच्या दोन तारांना मोटरसायकलचा ३५ वॉटचा बल्ब जोडा, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण तीन अँपिअरचा भार झाला. बॅटरीच्या तारेत ५ चा फ्यूज. बॅटरीचं प्लस-मायनस दोनदा तपासा. उलटं लागलं तर बहुतेक ईएससी तिथंच संपतात, दुसरी संधी देत नाहीत. बल्ब फरशीवर किंवा विटेवर ठेवा, प्लास्टिकवर नको.

आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालू, मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, मग ट्रान्समीटर. खोलीत थोडा अंधार करा.

आता काठी एकेक टिचकीनं वर न्या. बल्बची तार आधी काळपट लाल होते, मग नारिंगी, मग पिवळी. हा रंग हळूहळू चढला पाहिजे. काठी बरीच वर जाईपर्यंत काहीच नाही आणि मग एकदम उजेड, असं होत असेल तर बंदरात शिरतानाची संथ चाल तुम्हाला या ईएससीवर मिळणार नाही. लाल रंग कुठं सुरू झाला तो टक्का वहीत लिहा.

नंतर काठी पुढून थेट मागं. बल्ब विझून लगेच पुन्हा पेटला तर उत्तम. विझून राहिला आणि दुसऱ्या ओढीला पेटला तर तो ब्रेकवाला, विकणाऱ्यानं काहीही सांगितलेलं असो.

मग बल्ब अर्धा पेटलेला असताना ट्रान्समीटर बंद करा. बल्ब सेकंदभरात विझला पाहिजे. नाही विझला तर रिसीव्हरचं फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग) मधल्या स्थितीवर सेट करायचं राहिलंय. अशी बोट सिग्नल तुटल्यावर थांबत नाही, समोरच्या काठापर्यंत जाते.

शेवटी कारच्या बल्बची ६० वॉटची बाजू जोडा, फ्यूज १० चा करा. हा पाच अँपिअर घेतो, ६० आणि ५५ दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर साडेनऊच्या वर. काठी सावकाश चढवा, कारण थंड तार पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढते. ईएससीच्या क्षमतेत बसत असेल तर पाच मिनिटं पेटता ठेवा आणि ईएससीला हाताचं बोट लावून किती तापलाय ते बघा.

५. जोडणीतले बारकावे

बऱ्याच ईएससींत बीईसी असतो. तो बॅटरीतून रिसीव्हरला आणि सर्वोला (सुकाणू वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरला) साधारण पाच व्होल्ट देतो. साध्या प्रकारचा बीईसी उरलेले व्होल्ट उष्णतेत घालवतो. १२ व्होल्टवरून ५ वर येताना सर्वोनं अर्धा अँपिअर घेतला तर साडेतीन वॉट नुसती उष्णता, आणि तीही त्याच डबीत. तोफा फिरवायच्या असतील, रडार फिरवायचं असेल तर वेगळा बीईसी घ्या.

दोन ईएससी असतील तर एकाच्या रिसीव्हरकडं जाणाऱ्या प्लगमधली लाल तार काढा. कापू नका. प्लगची प्लास्टिकची जिभळी सुईनं उचलली की पिन सरकून बाहेर येते. तिच्यावर स्लीव्ह चढवून मागं दुमडून ठेवा. दोन बीईसी एकमेकांवर चढले की कधी काही होत नाही आणि कधी बोट तळ्याच्या मधोमध मरते.

प्रत्येक मोटरला '१०४' चे तीन कपॅसिटर: एक दोन्ही टोकांमध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्यापर्यंत. पत्रा कानशीनं घासल्याशिवाय डाख धरत नाही. पंखा उलटा फिरत असेल तर मोटरकडच्या दोन तारा आपसांत बदला. बॅटरीकडच्या तारांना हात लावू नका.

फ्यूज प्रत्येक ईएससीला वेगळा. १० चा फ्यूज अकरा-बारा अँपिअरला लगेच उडत नाही हे धरून, तो ईएससीच्या सतत क्षमतेच्या चांगलाच खाली ठेवा. आणि ईएससीच्या छोट्या स्विचवर भरवसा नको. अनेकदा तो फक्त रिसीव्हर बंद करतो, बॅटरी आत जोडलेलीच राहते. काम झालं की प्लग उपटा.

विमानाचा ट्रान्समीटर असेल तर डावी काठी सोडल्यावर मध्ये येत नाही, तिथंच राहते. वेग उजव्या काठीच्या उभ्या हालचालीवर घ्या. हात सोडला की बोट थांबते. दोन पंख्यांसाठी मिक्सिंग (एकाच काठीनं दोन्ही मोटरी कमी-जास्त करणं) बहुतेक सहा चॅनेलच्या ट्रान्समीटरमध्ये मिळतं, डेल्टा विमानाच्या एलेव्हॉन नावाखाली शोधा.

६. हौदात

डेक चिकटवायच्या आधी बोट पाण्यात घाला. मी औसा तालुक्यात बहिणीच्या शेतावर जातो. तिथं गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद आहे, बोटीला पुरेल एवढा लांब. बोटीच्या मागच्या टोकाला सुतळी बांधून ती काठाच्या खुंट्याला अडकवायची आणि पूर्ण वेग सोडायचा. अडकलेली बोट मोकळ्या बोटीपेक्षा जास्त करंट घेते, म्हणून चाचणीला हेच चांगलं. वॉटमीटरवरचा आकडा वहीत. माझ्या खुकरीला दोन अँपिअरच्याही आत भागलं, ३२० लांबच राहिले.

दहा मिनिटं चालवा, मधूनच पुढून थेट मागं, पुन्हा पुढं. बॅटरीचा प्लग काढा आणि ईएससीच्या पत्र्यावर हाताचं बोट ठेवून पाच आकडे मोजा. पाचापर्यंत बोट टिकलं तर ठीक. चटका बसून आधीच उचलावं लागलं तर ईएससी लहान पडतोय किंवा पंखा मोठा झालाय. आधी लहान पंखा लावून बघा, तो स्वस्त पडतो.

"पाहुणे, म्हशी बिचकायल्यात," असं दाजी तिसऱ्या वेळी म्हणाले की मी आवरतं घेतो.

७. आपल्याकडचं ऊन

थंड देशातल्या मॉडेलकारांचं वाचून चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये इकडं पारा चाळिशीच्या पार जातो, आणि करड्या रंगाचा बंद डेक उन्हात ठेवला की आतली हवा त्याहून तापते. पत्रकावरची क्षमता इतक्या गरम हवेसाठी लिहिलेली नसते. म्हणून हौदातली चाचणी एकदा दुपारी, डेक टेकवून, परत करा. ईएससी फोममध्ये गुंडाळू नका. त्याला बोटीच्या तळाला भिडलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा आणि चिमणीतून हवा जायला खरं भोक ठेवा. मी बोट काठावर ओल्या टॉवेलखाली ठेवतो. दिसायला बरं दिसत नाही, पण चालतं.

८. चालवायचं कुठं

शेततळी इकडं गावोगावी झालीत, पाणीही संथ असतं. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. माणसं बुडालीत अशी. कडेला पक्का बांधलेला दोर पाण्यात सोडलेला असल्याशिवाय आणि सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय तिथं जाऊ नका, आणि बंद पडलेली बोट आणायला पाण्यात कधीच उतरू नका. पतंगाच्या जाड दोऱ्याला टेनिसचा चेंडू बांधून ठेवा. तो बोटीच्या पलीकडं फेकला आणि ओढला की बोट सरकत येते. पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथं बोट नेऊ नका. शहरातल्या तलावावर आधी महापालिकेला विचारा. जलपर्णी दिसली की दुसरी जागा बघा, ती पंख्यात गेली की दुसऱ्या पायरीतला प्रयोग आपोआप होतो.

पहिल्या दिवशी बोट काठापासून दहा पावलांच्या पुढं सोडू नका. पाच मिनिटांनी काढा, डेक उघडा, ईएससीला हात लावा, आत पाणी किती आलं ते स्पंजनं टिपून बघा. चमचाभर येतंच, शाफ्टच्या नळीत ग्रीस भरा. घरी आल्यावर बॅटरी काढून, डेक उघडा ठेवून बोट रात्रभर छताच्या पंख्याखाली.